उबवण-पेटींतील अंडीं फिरविण्याची निगा

अंडीं उबविण्याची पेटी घरच्या घरीं तयार करणें ही आतां मोठ्या कारागिरीची गोष्ट राहिलेली नाहीं. थर्मोकोलची किंवा लाकडाची एक पेटी, विजेचे दोन दिवे, एक लहान पंखा, थर्मोस्टॅट या नांवानें बाजारांत मिळणारा उष्णतेचा नियामक, एक तापमापक व पाण्याचें पसरट भांडें एवढें साहित्य जमलें कीं, गांवांतील कोणीहि हुशार मुलगा दोन दिवसांत अशी पेटी उभी करून देतो. त्यामुळें आपल्या शेतकरी बंधूंपैकीं कित्येकांच्या घरीं अशा पेट्या आल्या आहेत. परंतु त्यांतून निघणाऱ्या पिलांची गोष्ट काढली म्हणजे मात्र पुष्कळांच्या तोंडून निराशेचेच उद्गार ऐकूं येतात. दोष कोणाचा म्हणून विचारावें तर कोणी विजेस बोल लावतो, कोणी अंड्यांस, तर कोणी पेटी करून देणाऱ्यास. प्रस्तुत लेखकानेंहि एकदां या तिघांसहि बोल लावला होता. खरा दोष कोठें होता तें पुढें कळलें. आणि तोच दोष इतरांच्या घरींहि घडत असावा असें वाटल्यावरून त्याची हकीकत व त्यावरील उपाय वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आमची पहिली खेप

कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं माझ्या आत्याबाईंनीं चाळीस वर्षें जपलेला गांवठी कोंबड्यांचा एक वंश आहे. या कोंबड्या अंगानें आटोपशीर, चरण्यांत हुशार व पिलांस घारीपासून राखण्यांत दक्ष आहेत. दोन वर्षांपूर्वीं पावसाळ्याच्या अखेरीस गांवांत मानमोडीची सांथ शिरली. लस टोंचून घेण्यांत आमच्याकडून हयगय झाली होती, तिचें प्रायश्चित्त मिळालें. खुराड्यांतील साठ पांखरांपैकीं नऊ कोंबड्या व एक कोंबडा एवढींच काय तीं उरलीं. बाजारांतून दुसऱ्या कोंबड्या आणूं, असें मीं म्हटलें, तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, “आणशील रे, पण त्या ह्या नव्हेत.”

खुडूक कोंबडी दहा-बारा अंड्यांवर बसते. आणि जितके दिवस ती अंड्यांवर बसते व पुढें पिलें संभाळते, तितके दिवस ती अंडीं घालीत नाहीं. नऊ कोंबड्यांतून वंश लवकर वाढवावयाचा तर त्यांचीं अंडीं काढून घेऊन पेटींत उबवावीं आणि कोंबड्यांस घालत्या ठेवाव्या, हाच मार्ग होता. माघांत पेटी तयार झाली. दहा दिवस अंडीं सांठविलीं, तीं तीस भरलीं, व चांगला दिवस पाहून पेटींत ठेविलीं.

चौथ्या दिवसापासून घरांत पुतणीच्या लग्नाची धांदल सुरू झाली. तथापि पेटीकडे दुर्लक्ष झालें असें कोणी म्हणूं नये. तापमापक दिवसांतून दहा वेळां पाहिला जात होता, पाण्याचें भांडें भरलें जात होतें, आलेल्या पाहुण्यांनाहि पेटी मोठ्या कौतुकानें दाखविली जात होती. फक्त अंडीं फिरवावयाचें तेवढें राहून गेलें. पहिले तीन दिवस तीं सकाळ-संध्याकाळ फिरविलीं होतीं. पुढें चार दिवस कोणीं हात लावला नाहीं. लग्न आटोपल्यावर पुन्हां दोन वेळां फिरवूं लागलों. चार दिवसांनीं काय बिघडणार, उष्णता तर बरोबर आहे, असें मीं मनाचें समाधान करून घेतलें. आठव्या दिवशीं रात्रीं अंडीं दिव्यासमोर धरून पाहिलीं, तों तीसपैकीं सव्वीस अंड्यांत लाल शिरांचें जाळें स्पष्ट दिसलें. तेव्हां उरलीसुरली काळजीहि मिटली.

एकविसाव्या दिवशीं नऊ पिलें निघालीं, आणि तेथेंच काम थांबलें. तेविसाव्या दिवसापर्यंत वाट पाहून बाकीचीं सतरा अंडीं मीं फोडलीं. कांहींत पिलें अर्धवट वाढून मेलेलीं होतीं. परंतु बहुतेकांत पिसें आलेलीं, पूर्ण वाढलेलीं पिलें कवच न टोंचतांच मेलेलीं आढळलीं. अंड्याच्या निमुळत्या टोंकाशीं घट्ट, चिकट झालेला पांढरा बलक तसाच शिल्लक होता. दोन पिलांचीं डोकीं रुंद टोंकाकडे असावयाचीं तीं निमुळत्या टोंकाकडे वळलेलीं होतीं.

आत्याबाई शेजारीं बसून पाहात होत्या. त्यांनीं विचारलें, “अंडीं फिरवीत होतास ना रे?”

“फिरवीत होतों, आत्या. लग्नांत चार दिवस राहिलें तेवढेंच.”

“कोंबडी का लग्नाला गेली असती?” एवढेंच त्या म्हणाल्या व उठून आंत गेल्या.

कोंबडी काय करते

वर वर पाहणाऱ्यास खुडूक कोंबडी नुसती बसून राहिलेली दिसते. पण डालग्याशेजारीं कांहीं वेळ शांतपणें बसून पाहावें म्हणजे तिचें काम कळतें. थोड्या थोड्या वेळानें ती किंचित् उठते, चोंच पोटाखालीं घालते, एखादें अंडें आपल्याकडे ओढते, दुसरें बाजूस सारते, पाय हलवून पुन्हां बैठक घेते. कडेचीं अंडीं मध्यें येतात, मधलीं कडेला जातात, आणि या घालमेलींत प्रत्येक अंडें आपल्या अंगावर वळतें. हें काम दिवसा चालतें तसें रात्रींहि चालतें. दाणापाण्यासाठीं ती दिवसांतून एकदां कांहीं मिनिटें उठून जाते, पण अंडीं हलविण्याचें काम ती तीन आठवडे एकहि दिवस सोडीत नाहीं. पेटी उष्णता देते, ओलावा देते. चोंच मात्र पेटीला नाहीं. ती चोंच आपण झालों नाहीं तर पेटी अपुरी राहते.

ही गोष्ट आजची नव्हे. मिसर देशांत फार प्राचीन काळापासून मातीविटांच्या मोठ्या भट्ट्यांतून हजारों अंडीं एकदम उबवीत असत. तेथील कामकऱ्यांपाशीं तापमापक नव्हता; अंडें डोळ्याच्या पापणीस लावून ते त्याची ऊब ओळखीत. परंतु भट्टींत शिरून सर्व अंडीं हातानें फिरविण्याचें काम ते रोज करीत. रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७४९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या भट्ट्यांचें वर्णन करून युरोपांतील लोकांचें लक्ष तिकडे वेधलें. त्यानंतर उष्णता मोजण्याचीं व राखण्याचीं साधनें पुष्कळ सुधारलीं. अंडीं फिरविण्याची गरज मात्र टळली नाहीं. आजच्या मोठ्या उबवणी केंद्रांतील यंत्रेंहि दर तासास अंड्यांचीं ताटें एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस कलवितात.

अंडें कां फिरवावें

सर्व बाजूंनीं सारखी ऊब लागावी म्हणून अंडें फिरवावयाचें, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. माझीहि तशीच होती, व म्हणूनच उष्णता बरोबर आहे असें पाहून मी स्वस्थ बसलों. सारखी ऊब हा फिरविण्याचा एक लाभ खरा, पण तो दुय्यम होय. मुख्य कारण अंड्याच्या आंत आहे.

अंड्यांतील गर्भ हा आरंभीं पिवळ्या बलकाच्या पृष्ठभागावर एका लहानशा पांढुरक्या टिकलीच्या रूपानें असतो. अंडें कसेंहि ठेविलें तरी बलक आंतल्या आंत वळून ही टिकली वरच्या अंगास येते. उबवणी सुरू झाली म्हणजे पांढऱ्या बलकांतील पाणी पिवळ्या बलकांत उतरूं लागतें. त्यामुळें पिवळा बलक हलका होऊन वर तरंगतो, आणि त्याच्या माथ्यावरील कोंवळा गर्भ कवचाच्या आंतील पापुद्र्याच्या अगदीं जवळ येतो. अंडें निश्चल पडून राहिलें तर गर्भ त्या पापुद्र्यास चिकटण्याचा धोका असतो. चिकटला कीं त्याची वाढ खुंटते किंवा वांकडी होते.

दुसरें कारण याहूनहि महत्त्वाचें आहे. पहिल्या आठवड्यांत गर्भापासून निघालेल्या शिरा पिवळ्या बलकावर पसरतात व तेथून गर्भाकडे अन्न नेतात. चौथ्या-पांचव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या पोटाकडून एक पातळ पिशवी बाहेर पडून वाढूं लागते, आणि अकराव्या-बाराव्या दिवसापर्यंत ती कवचाच्या आंतून अस्तराप्रमाणें सर्वत्र पसरते. हें अस्तर म्हणजे अंड्यांतील पिलाचें फुप्फुसच होय. कवचाच्या हजारों सूक्ष्म छिद्रांतून येणारी हवा तें घेतें व आंतील दूषित वायु बाहेर टाकतें. निमुळत्या टोंकाशीं हें अस्तर उरलेल्या पांढऱ्या बलकास वेढून मिळतें. पुढें बाराव्या दिवसाच्या सुमारास तो पांढरा बलक गर्भाभोंवतालच्या पाण्यांत उतरूं लागतो, व पिलूं तो गिळून आपलें शरीर भरतें.

अंडें फिरविलें नाहीं तर या साखळीच्या पहिल्याच कड्या कच्च्या राहतात. शिरांचें जाळें आंखूड राहतें, अस्तर पुरें पसरत नाहीं, पांढरा बलक निमुळत्या टोंकाशीं न वापरतांच पडून राहतो. पिलूं जगतें, वाढतें, पण त्यास अन्नहि कमी व हवाहि कमी. शेवटच्या आठवड्यांत त्याची भूक व श्वासाची गरज एकदम वाढते, आणि नेमकें तेथेंच तें दगावतें. माझ्या सतरा अंड्यांत शिल्लक राहिलेला तो चिकट बलक हीच साक्ष देत होता.

सर्वांत नाजूक काळ कोणता, याविषयींहि प्रयोग झालेले आहेत. १९५७ सालीं डी. ए. टी. न्यू या शास्त्रज्ञानें आपल्या प्रयोगांवरून असें दाखविलें कीं, चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंतचा काळ फिरविण्याच्या दृष्टीनें निर्णायक होय. १९८९ सालीं डीमिंग यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांतहि तिसऱ्यापासून सातव्या दिवसापर्यंतचा काळ असाच ठरला. आमच्या घरचें लग्न नेमकें याच दिवसांत आलें होतें! आठव्या दिवशीं दिव्यासमोर दिसलेल्या लाल शिरांवरून पिलें जिवंत आहेत एवढेंच कळलें. त्यांचें पुढचें अन्न तुटलें आहे, हें कळण्यास मार्ग नव्हता. पहिल्या आठवड्यांतील चुकीचें देणें तिसऱ्या आठवड्यांत द्यावें लागतें, म्हणूनच ही चूक ओळखूं येत नाहीं व वीज, अंडीं आणि कारागीर यांच्या माथीं मारली जाते.

किती वेळां व किती अंशांत

हातानें फिरवावयाचें असल्यास दिवसांतून निदान तीन वेळां, व शक्य तर पांच वेळां फिरवावें. संख्या नेहमीं विषम ठेवावी. याचें कारण असें कीं, रात्रींचा काळ सर्वांत लांब असतो. विषम वेळां फिरविल्यास आज रात्रभर जी बाजू वर राहिली ती उद्यां रात्रीं खालीं जाते. दोन किंवा चार वेळां फिरविल्यास रोज रात्रीं तीच बाजू वर येते. सकाळीं ६, सकाळीं १०, दुपारीं २, सायंकाळीं ६ व रात्रीं १० ही वेळ शेतकऱ्याच्या घरास सोयीची पडते. कधीं चुकून एखादी पाळी राहिली तर पुढच्या खेपेस भरपाई म्हणून तीन-चार वेळां गरगर फिरवूं नये. नेहमींप्रमाणें एकदां फिरवून पुढें चालावें.

दिशा नेहमीं बदलती ठेवावी. एकदां पुढें फिरविलें तर दुसऱ्यांदा मागें. एकाच दिशेनें फिरवीत गेल्यास बलकास जागीं धरणाऱ्या दोऱ्यांस पीळ बसतो, व कोंवळ्या शिरा तुटून गर्भ मरतो. त्याचप्रमाणें झटका देऊन फिरवूं नये. पहिल्या आठवड्यांत न फिरविणें जितकें वाईट, तितकेंच आपटून फिरविणेंहि वाईट.

अंडें आडवें ठेविलें असेल तर अर्धा वळसा, म्हणजे खालची बाजू वर येईल इतकें फिरवावें. रुंद टोंक वर करून उभें ठेविलें असेल तर तें एकदां एका बाजूस व नंतर दुसऱ्या बाजूस ४५ अंश कलवावें. अमेरिकेंतील फंक व फॉरवर्ड यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत २० व ३० अंशांपेक्षां ४५ अंश कलविलेल्या अंड्यांतून अधिक पिलें निघालीं. घरगुती पेटींत जागेच्या अडचणीमुळें कल कमी ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. निमुळतें टोंक वर करून अंडें कधींहि ठेवूं नये. पिलाचें डोकें हवेच्या पोकळीकडे न वळतां भलतीकडे वळतें.

हातानें फिरविण्याची रीत

अंडीं पेटींत ठेवण्यापूर्वीं प्रत्येकाच्या एका बाजूस मऊ शिसपेन्सिलीनें फुली व समोरच्या बाजूस गोल काढावा. शाई वापरूं नये. सकाळीं सर्व फुल्या वर, दहा वाजतां सर्व गोल वर, अशी खूण ठेविली म्हणजे कोणतें अंडें राहिलें तें एका नजरेंत कळतें.

हात साबणानें धुवून अगदीं कोरडे करावे. तेलकट हातांनीं कवचाचीं छिद्रें बुजतात, व ओल्या मळकट हातांनीं त्यांतून रोगजंतु आंत शिरतात. दूध काढून किंवा गोठा झाडून तसेंच पेटीकडे जाऊं नये. फिरवितांना कडेचीं अंडीं मध्यें व मधलीं कडेला अशी जागाहि दिवसांतून एकदां बदलावी. घरगुती पेटींत दिव्याजवळचा व कोपऱ्यांतला भाग यांच्या उष्णतेंत फरक असतोच. तो अशा रीतीनें सर्वांस सारखा वाटला जातो. झांकण उघडल्यानें अंडीं थंड होतील म्हणून कोणी भिऊं नये. कोंबडीहि रोज घरटें सोडून जाते. तीस-चाळीस अंडीं फिरविण्यास चार-पांच मिनिटें लागतात, तेवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं.

सरकती चौकट व झुलतें ताट

अंडीं पुष्कळ असल्यास हाताचे श्रम वांचविणाऱ्या दोन युक्त्या आहेत. पहिली सरकत्या चौकटीची. अंडीं बारीक जाळीच्या तळावर आडवीं ठेवावीं व त्यांवर बांबूच्या कांबींची किंवा पातळ पट्ट्यांची, घरें पाडलेली बिनतळाची चौकट ठेवावी. प्रत्येक घरांत अंड्यांची एक ओळ. चौकटीची एक दांडी पेटीच्या भोंकांतून बाहेर काढावी. दांडी ओढली कीं सर्व अंडीं तळावर एकदम लोळतात. गांवठी कोंबडीचें अंडें लहान असल्यानें सुमारें ६ सेंटिमीटर व मोठ्या जातीचें असल्यास सुमारें ७ सेंटिमीटर ओढल्यास अर्धा वळसा पुरा होतो. दांडीवर तेवढ्या अंतरावर दोन खुणा कराव्या. पुढच्या वेळेस दांडी आंत ढकलली म्हणजे दिशाहि आपोआप बदलते व झांकणहि उघडावें लागत नाहीं.

दुसरी युक्ति झुलत्या ताटाची. अंडीं रुंद टोंक वर करून कागदी खांचांच्या ताटांत घट्ट बसवावीं, व तें ताट मधोमध आंसावर तोलावें. ३० सेंटिमीटर लांबीचें ताट ४५ अंश कलवावयाचें तर त्याचें एक टोंक सुमारें साडेदहा सेंटिमीटर वर व दुसरें तितकेंच खालीं गेलें पाहिजे. पेटीची उंची या हिशेबानें आधींच धरावी. नाहीं तर वर गेलेलीं अंडीं दिव्याजवळ जाऊन भाजतात. अशा ताटास सावकाश फिरणारी लहान मोटर जोडली तर दर तासास कलविण्याची सोय होते, व रात्रींची पाळीहि सांभाळली जाते. परंतु मोटर लावली म्हणजे डोळे मिटावे असें नव्हे. दोरी सुटते, ताट अडकतें, वीज जाते. ताटाच्या कडेस खुणेची एक पट्टी लावून तें खरोखर हललें कीं नाहीं, हें सकाळ-संध्याकाळ पाहावें. वीज गेली असतां पेटीवर गोधडी घालावी, हवेचीं भोंकें मात्र पुरतीं बुजवूं नयेत, आणि अंडीं ठरल्या वेळीं हातानें फिरवीत राहावें.

फिरविण्याच्या आधीं व नंतर

फिरविण्याचा लाभ बाकीची निगा नीट असेल तरच मिळतो, म्हणून तीहि थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. अंडीं सात दिवसांपेक्षां अधिक जुनीं नसावीं. तीं रुंद टोंक वर करून थंड जागीं, शक्य तर १५ ते १८ अंश सेल्सियसमध्यें ठेवावीं. खेड्यांत ओल्या वाळूंत बसविलेलें मडकें बरेंच उपयोगीं पडतें. अधिक दिवस ठेवणें भागच पडल्यास रोज एकदां बाजू बदलून कलतीं ठेवावीं. दुरून आणलेलीं अंडीं एक रात्र स्थिर ठेवून मगच पेटींत घालावीं.

पंखा असलेल्या पेटींत उष्णता ९९.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३७.५ अंश सेल्सियस असावी. पंखा नसल्यास अंड्यांच्या माथ्याच्या पातळीवर १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट ठेवावी. ओलावा पहिले अठरा दिवस शेंकडा ५० ते ५५, व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० असावा.

अंडीं ठेविल्यापासून चोवीस तास पुरे झाले म्हणजे पहिला दिवस झाला असें समजावें. चौदाव्या दिवसानंतर फिरविण्याचें महत्त्व उतरत जातें, व अठरावा दिवस पुरा होतांच फिरविणें अजिबात बंद करावें. त्या वेळीं पिलूं आपलें डोकें रुंद टोंकाकडील हवेच्या पोकळीपाशीं नेऊन कवच टोंचण्याच्या तयारींत असतें. त्यास आतां हलवूं नये. चौकट किंवा ताट काढून अंडीं जाळीवर आडवीं ठेवावीं, पाणी वाढवावें, आणि पिलें निघून वाळेपर्यंत झांकण उघडण्याचा मोह आवरावा.

न फुटलेलीं अंडीं पाहावीं

न फुटलेलीं अंडीं उकिरड्यावर फेंकून देणें म्हणजे हिशेबाची वही न वाचतां फेंकून देणें होय. तीं फोडून पाहावीं. आंत गर्भाची खूणच नसेल तर अंडें निर्बीज असेल किंवा गर्भ अगदीं आरंभीं मेला असेल. कोंबडा व अंड्यांची सांठवण यांकडे लक्ष द्यावें. रक्ताचें कडें दिसलें तर पहिल्या आठवड्यांत गर्भ मेला. उष्णतेंतील चढउतार किंवा धसमुसळी हाताळणी हें त्याचें सामान्य कारण. पुरें पिलूं मेलेलें, निमुळत्या टोंकाशीं पांढरा बलक शिल्लक, डोकें भलतीकडे, अशीं चिन्हें अनेक अंड्यांत एकदम दिसलीं तर प्रथम फिरविण्याविषयीं आपल्या मनाशीं प्रामाणिकपणें विचार करावा.

दुसरी खेप

फाल्गुनांत आम्हीं पुन्हां अंडीं ठेविलीं. या वेळीं सात दिवसांत जमलेलीं चोवीसच घेतलीं. पेटीवर एक कागद चिकटविला. त्यावर एकवीस दिवस व रोजच्या पांच वेळा यांचीं घरें आंखलीं. जो अंडीं फिरवील त्यानें घरांत आपल्या नांवाचें पहिलें अक्षर लिहावें, असा नियम केला. सकाळच्या दोन पाळ्या माझ्या, संध्याकाळची चिरंजीवाची, रात्रीं दहाची मंडळींची. दुपारीं दोनची पाळी आत्याबाईंनीं आपण होऊन मागून घेतली. त्यांस लिहितां येत नसल्यानें त्या घरांत कुंकवाचें बोट उमटवीत. अठरा दिवसांत एकहि घर रिकामें राहिलें नाहीं.

चोवीसपैकीं एकवीस अंडीं सबीज निघालीं, व त्यांतून सतरा पिलें बाहेर आलीं. या खेपेस अंडीं अधिक ताजीं होतीं, हेंहि खरें. एका घरच्या दोन खेपांवरून सिद्धांत काढावा असें माझें म्हणणें नाहीं. परंतु पेटी तीच, दिवे तेच, कोंबड्या त्याच, आणि वीजहि पूर्वीइतकीच लहरी. चार अंडीं न फुटतां राहिलीं, त्यांतील एकांतहि निमुळत्या टोंकाशीं तो चिकट बलक आढळला नाहीं. आज आमच्या खुराड्यांत त्या वंशाचीं चाळीसांवर पांखरें आहेत, आणि आतां लसीच्या तारखाहि त्याच पेटीवर लिहिलेल्या असतात.

म्हणून ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांनीं पुढील खेपेस अंडीं ठेवण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. पंचांग उघडून पहिल्या सात दिवसांत घरीं लग्न, जत्रा किंवा सुगीची गर्दी येत नाहीं ना तें पाहावें. आणि कोणती पाळी कोण सांभाळणार हें आधींच ठरवून कागदावर लिहावें. एवढ्यास पैसा लागत नाहीं. ज्या बंधुभगिनींनीं झुलत्या ताटास मोटर जोडून सबंध मोसम काम घेतलें असेल, त्यांनीं आपले अनुभव या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावे. त्यांचा उपयोग सर्वांस होईल.